पॅरेंट विचारून घ्यावा, डोकावून पाहू नये: जी-स्ट्रीमरच्या उतरंडीत सुरक्षित कसं फिरावं

सावदा-रावेर पट्ट्यातलं केळीचं रायपनिंग चेंबर घ्या, जळगाव-धुळ्याकडची जिनिंग घ्या, नाहीतर नंदुरबारची मिरचीची पथारी. अशा ठिकाणी आठ-सोळा आयपी कॅमेरे लावायचे, सगळ्यांचं चित्र ऑफिसातल्या एका पडद्यावर आणायचं आणि साठवूनही ठेवायचं, असं काम आलं की ते जी-स्ट्रीमर या ऑडिओ-व्हिडिओच्या लायब्ररीवर करणं सोयीचं पडतं. तिच्यात एलिमेंट म्हणजे एक काम करणारा सुटा भाग, पॅड म्हणजे त्याची डेटा आत-बाहेर न्यायची तोटी, बिन म्हणजे एलिमेंट ठेवायची पेटी, पाइपलाइन म्हणजे सगळ्यात बाहेरची पेटी आणि ज्याच्या पोटात आहे तो पॅरेंट. प्रोग्रॅम टेबलावर छान चालतो. जागेवर गेल्यावर मात्र एखाद्या डीपीचा फ्यूज उडतो आणि चार कॅमेरे एकदम जातात. प्रोग्रॅमचा एक थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक धागा) त्या चार कॅमेऱ्यांच्या शाखा काढायला घेतो. नेमका त्याच वेळी दुसरा थ्रेड त्यातल्याच एका पॅडवरून 'हे पॅड कोणत्या एलिमेंटचं, तो एलिमेंट कोणत्या बिनमध्ये' असं विचारत वर चढत असतो. चढता चढता पायरीच नाहीशी होते आणि प्रोग्रॅम कोसळतो. बॅकट्रेसमध्ये (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत) दिसणारी ओळ निर्दोष असते. चूक बरीच आधी झालेली असते.

हे दुखणं लाईटमुळे उघडं पडतं, एवढंच. मूळ कारण उतरंडीत फिरण्याच्या पद्धतीत आहे, म्हणून या लेखात फक्त तेवढंच घेतलं आहे. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत आणि पुढचा 'जीएसटी' आणि काही ठिकाणी त्यानंतरचा 'ऑब्जेक्ट' किंवा 'एलिमेंट' गाळून लिहिली आहेत. कोड लिहिताना ती रोमन लिपीत, पूर्ण नावानिशी येतात.

उतरंडी दोन आहेत

आधी एक घोळ मिटवू. जी-स्ट्रीमरमध्ये 'वरचा' हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक उतरंड जातीची, म्हणजे टाइपची: जी-ऑब्जेक्ट, त्याखाली इनिशियली-अनओन्ड, मग जीएसटी-ऑब्जेक्ट, मग एलिमेंट, मग बिन, मग पाइपलाइन. ही कंपाइल करतानाच ठरते आणि कधी बदलत नाही. दुसरी उतरंड पोटात घेण्याची: पाइपलाइनच्या पोटात बिन, बिनच्या पोटात एलिमेंट, एलिमेंटला पॅड. केळीच्या खोडाला घड, घडाला फण्या, फणीला केळी, तशी. ही प्रोग्रॅम चालू असताना क्षणाक्षणाला बदलू शकते.

पहिल्या उतरंडीत धोका कास्टचा, म्हणजे पॉइंटर (मेमरीतला पत्ता) दुसऱ्या जातीचा मानण्याचा. एखाद्या ऑब्जेक्टवर बिनचा कास्ट मॅक्रो लावला आणि तो बिन नसला, तर कन्सोलवर 'इनव्हॅलिड कास्ट' अशी वॉर्निंग येते, पण पॉइंटर मात्र तसाच परत मिळतो. मॅक्रो थांबवत नाही, नलही (रिकामा पॉइंटर) देत नाही. पुढे बिनची फील्ड वाचायला गेलात की दुसऱ्याच मेमरीत हात घातला जातो. कास्टची तपासणी बंद करून बिल्ड केलं असेल तर ती वॉर्निंगसुद्धा येत नाही. म्हणून आधी 'इज_बिन' विचारा, मग कास्ट करा. गेट_पेरेंट जीएसटी-ऑब्जेक्ट परत देतं आणि त्याची जात काय हे सांगत नाही, त्यामुळे वर चढताना ही सवय फार उपयोगी पडते. पॅडचा पॅरेंट एलिमेंटच असेल असं गृहीत धरणारा कोड घोस्ट पॅडपाशी (बिनच्या आतलं पॅड बाहेर दाखवणाऱ्या पॅडपाशी) हमखास फसतो. ते पुढे सविस्तर येईलच.

मूल पॅरेंटला धरून ठेवत नाही

बिन आपल्या प्रत्येक एलिमेंटचा एक रेफ (धरून ठेवल्याची नोंद, शेवटची सुटली की ऑब्जेक्ट मरतो) धरून असतं. एलिमेंट मात्र आपल्या बिनचा रेफ धरत नाही. त्याच्याकडे फक्त पत्ता असतो. दोघांनी एकमेकांना धरलं असतं तर दोघंही कधीच सुटले नसते, म्हणून हे मुद्दाम असं ठेवलेलं आहे. बिन मरताना किंवा एलिमेंट बाहेर काढताना तो पत्ता पुसला जातो आणि हे पुसणं एलिमेंटच्या ऑब्जेक्ट-लॉकखाली (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलुपाखाली) होतं.

हे एकदा समजलं की दोन पद्धतींतला फरक आपोआप उलगडतो. ऑब्जेक्ट_पेरेंट हा मॅक्रो फील्ड सरळ वाचतो. लॉक घेत नाही, रेफ घेत नाही. गेट_पेरेंट हे फंक्शन मुलाचं लॉक घेतं, पत्ता वाचतं, लॉक हातात असतानाच पॅरेंटचा रेफ वाढवतं आणि मग लॉक सोडतं. वाचणं आणि धरणं यांच्यात फट राहत नाही. मॅक्रोमध्ये ती फट असते आणि कॅमेरे गायब होताना दुसरा थ्रेड नेमका तिच्यात घुसतो. मॅक्रो एलिमेंट स्वतः लिहिणाऱ्यांसाठी आहे, तोही लॉक हातात असताना वापरायचा. ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये तो दिसला तर माझ्या मते बिनदिक्कत बदलून टाकावा. लॉकला लागणारा वेळ एका व्हिडिओ फ्रेमच्या खर्चापुढे नगण्य आहे.

नावाचंही तसंच. ऑब्जेक्ट_नेम हा मॅक्रो आतला पॉइंटर देतो आणि नाव बदललं किंवा ऑब्जेक्ट मेला की तो पॉइंटर कुजतो. गेट_नेम नावाची प्रत देतं, ती जी_फ्री करून सोडावी लागते. ती सोडायला विसरलात तर काय होतं याचा हिशोब सोपा आहे. २५ फ्रेमच्या कॅमेऱ्यावर प्रत्येक फ्रेमला एक प्रत, म्हणजे दिवसाला २१ लाख ६० हजार प्रती. ६४-बिट लिनक्सवर जी-लिबसी लहानात लहान तुकडा ३२ बाइटचा देते, म्हणजे दिवसाला साधारण ६९ एमबी. सोळा कॅमेऱ्यांचे मिळून १.१ जीबी. दोन जीबी रॅमचा छोटा बोर्ड दुसरा दिवस काढणार नाही.

वर चढण्याचा सुरक्षित साचा असा:

चालू = रेफ(पॅड)
जोपर्यंत चालू नल नाही:
  जर चालू पाइपलाइन असेल: थांब
  वरचा = गेट_पेरेंट(चालू)
  अनरेफ(चालू)
  चालू = वरचा

यात क्रम महत्त्वाचा. वरची पायरी पकडल्याशिवाय खालची सोडायची नाही. लूप संपल्यावर हातात एकतर पाइपलाइन असते, तिचं काम झालं की अनरेफ करायची, किंवा नल असतो. नल आला म्हणजे चूक झाली असं नाही. एलिमेंट अजून बिनमध्ये टाकलेला नसेल, कुणी नुकताच बाहेर काढला असेल किंवा थेट पाइपलाइनवरच गेट_पेरेंट बोलावलं असेल (तिला पॅरेंट नसतोच), तरी नलच येतो. कॅमेरे जाण्या-येण्याच्या प्रोग्रॅममध्ये 'नुकताच काढला' ही रोजची गोष्ट आहे. तिथे ॲसर्ट लावून प्रोग्रॅम पाडू नका, तो बफर (डेटाचा तुकडा) सोडून द्या आणि परत फिरा.

'हा एलिमेंट त्या बिनच्या पोटात कुठेतरी आहे का' एवढंच विचारायचं असेल तर स्वतः चढण्याची गरज नाही. हॅज_ॲज_ॲन्सेस्टर तेच काम लॉक सांभाळून करतं.

कोणाचा रेफ परत करायचा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. डॉक्युमेंटेशनमध्ये प्रत्येक फंक्शनच्या 'रिटर्न्स' या ओळीत 'ट्रान्सफर फुल' किंवा 'ट्रान्सफर नन' असं लिहिलेलं असतं. फुल म्हणजे रेफ तुमचा, काम झाल्यावर तुम्हीच सोडायचा. नन म्हणजे उसना पॉइंटर, सोडायचा नाही आणि मालक जिवंत असेपर्यंतच वापरायचा.

उतरंडीत फिरताना लागणारी बहुतेक फंक्शनं फुल आहेत: गेट_पेरेंट, पॅड_गेट_पेरेंट_एलिमेंट, पॅड_गेट_पीअर, एलिमेंट_गेट_स्टॅटिक_पॅड, बिन_गेट_बाय_नेम, घोस्ट_पॅड_गेट_टार्गेट, एलिमेंट_गेट_बस. नन असणारी थोडी, पण फसवी: एलिमेंट_गेट_फॅक्टरी उसनी फॅक्टरी (एलिमेंट ज्या साच्यातून बनला तो) देतं आणि मेसेज_सोर्स हा मॅक्रो मेसेज जिवंत असेपर्यंतच खरा असतो. बसवरच्या (ॲप्लिकेशनला निरोप पोचवणाऱ्या वाटेवरच्या) मेसेजमधून सोर्स, म्हणजे निरोप पाठवणारा ऑब्जेक्ट, काढून तो एखाद्या यादीत ठेवायचा असेल तर आधी रेफ घ्या. मेसेज सुटला की तुमच्या यादीतला पत्ता बेवारस.

एलिमेंट_फॅक्टरी_मेक ही तिसरीच जात. ते 'फ्लोटिंग' रेफ देतं, म्हणजे अजून कुणाच्याच मालकीचा नसलेला. बिन_ॲड केलं की तो रेफ बिनचा होतो. त्यानंतर तुमच्या स्ट्रक्टमध्ये ठेवलेला एलिमेंटचा पॉइंटर उसना झालेला असतो, जरी एलिमेंट तुम्हीच बनवला असला तरी. पुढे कधी तो बिनमधून काढला आणि मग त्याच पॉइंटरवर सेट_स्टेट मारलं की संपलं. स्ट्रक्टमध्ये ठेवायचा असेल तर बिन_ॲड झाल्यावर स्वतःचा एक रेफ घ्या आणि स्ट्रक्ट मोडताना सोडा.

रेफ कमी सोडला तर गळती, जास्त सोडला तर क्रॅश. जास्त सोडल्याची खूण कन्सोलवर 'रेफ_काउंट > ०' ही ॲसर्शन फेल झाल्याची ओळ. ती दिसते तेव्हा ऑब्जेक्ट आधीच गेलेला असतो, म्हणून गुन्हेगार त्या ओळीच्या वर कुठेतरी शोधायचा. जी_डीबग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला 'फेटल-क्रिटिकल्स' दिलं की पहिल्याच अशा ओळीला प्रोग्रॅम थांबतो आणि बॅकट्रेस ताजा मिळतो. विकासाच्या काळात हे कायम चालू ठेवावं.

नाव एकटं पुरत नाही

आपल्याकडे एका गल्लीत चार बापू सापडतात, एका घरात सहसा एकच. जी-स्ट्रीमरचा नियमही असाच आहे: एका बिनमध्ये एक नाव एकदाच, पण वेगवेगळ्या बिनमध्ये तेच नाव कितीही वेळा. दुसरा त्याच नावाचा एलिमेंट त्याच बिनमध्ये टाकायला गेलात तर बिन_ॲड 'फॉल्स' परत देतं. ते तपासायचं राहून गेलं की पुढचं सगळं जोडकाम बिनबाहेरच्या एलिमेंटवर सुरू होतं.

बिन_गेट_बाय_नेम पोटातल्या बिनमध्येही शोधतं आणि पहिला सापडेल तो देतं. सोळा कॅमेरा-बिन असतील आणि प्रत्येकात 'डीकोडर' नावाचा एलिमेंट असेल, तर पाइपलाइनवर 'डीकोडर' शोधणं म्हणजे गल्लीच्या तोंडाशी उभं राहून 'बापू' अशी हाक मारणं. नावात कॅमेऱ्याचा क्रमांक घाला किंवा आधी योग्य कॅमेरा-बिन गाठा आणि त्याच्याच पोटात शोधा. बिन_गेट_बाय_नेम_रिकर्स_अप तर खाली सापडलं नाही की वर पॅरेंटमध्येही शोधायला जातं. शेजारच्या कॅमेऱ्याचा एलिमेंट हातात यायचा हा हमखास रस्ता आहे, तो टाळाच. लॉगमध्ये लिहायला गेट_पाथ_स्ट्रिंग वापरा. तो पत्रावरच्या पत्त्यासारखा वरपासून खालपर्यंत पूर्ण मार्ग देतो, त्यामुळे कोणता 'डीकोडर' हे कळतं. हीदेखील प्रतच असते, जी_फ्री करायची.

आणखी एक. आरटीएसपी-सोर्स (नेटवर्कवरून कॅमेऱ्याचं चित्र घेणारा) वरून एलिमेंट दिसत असला तरी आतून तो बिनच आहे. यूआरआय-डीकोड-बिनही तसंच. त्यांच्या पोटात शिरून आतल्या एलिमेंटचं नाव धरून काही बदलायचा मोह होतो. ती नावं आणि रचना आतला मामला आहे: टीसीपीवरून आलं तर रचना वेगळी, यूडीपीवरून वेगळी, पुढच्या आवृत्तीत आणखी वेगळी. अशा जागी खणत बसण्यापेक्षा सिग्नल ऐकावा. यूआरआय-डीकोड-बिनचा 'सोर्स-सेटअप' सिग्नल सोर्स तयार झाला की तो हातात देतो. फॅक्टरीचं नाव 'आरटीएसपी-सोर्स' आहे का ते बघा, 'लेटन्सी' प्रॉपर्टी आहे याची खात्री करा आणि मगच ती बदला. ती मूळची २००० मिलिसेकंद असते. चेंबरमधलं चित्र दोन सेकंद उशिरा दिसतं त्याचं कारण बहुधा हेच. लोकल नेटवर्कवर २०० पुरतात. खोलवर कुठेही नवा एलिमेंट आला तरी कळवणारा 'डीप-एलिमेंट-ॲडेड' हा बिनचा सिग्नलही आहे. माझा अनुभवसिद्ध आग्रह असा की जिथे सिग्नल मिळतो तिथे उतरंड चढू-उतरू नये.

घोस्ट पॅडचा जिना

कॅमेरा-बिनच्या आत शेवटी व्हिडिओ-कन्व्हर्ट (चित्राचा फॉरमॅट बदलणारा एलिमेंट) आहे, त्याचं सोर्स पॅड बिनबाहेर घोस्ट पॅड म्हणून काढलं आहे आणि बाहेर ते कंपोझिटरला (अनेक चित्रं एका पडद्यावर मांडणाऱ्या एलिमेंटला) जोडलं आहे. आता व्हिडिओ-कन्व्हर्टच्या सोर्स पॅडवरून पुढचा एलिमेंट शोधायचा. बहुतेक जण पॅड_गेट_पीअर, मग पॅड_गेट_पेरेंट_एलिमेंट असं लिहितात आणि कंपोझिटरची वाट बघतात. येतो नल.

घोस्ट पॅडच्या आत एक अंतर्गत प्रॉक्सी पॅड दडलेलं असतं. व्हिडिओ-कन्व्हर्टच्या पॅडचा पीअर (त्याला जोडलेलं समोरचं पॅड) म्हणजे तेच प्रॉक्सी पॅड. त्याचा पॅरेंट एलिमेंट नाही, घोस्ट पॅड आहे. पॅड_गेट_पेरेंट_एलिमेंट फक्त एलिमेंट असेल तरच परत देतं, म्हणून नल. बरोबर रस्ता असा: पीअर घ्या. तो प्रॉक्सी पॅड आहे का तपासा. असेल तर गेट_पेरेंटने घोस्ट पॅड मिळवा, मग घोस्ट पॅडचा पीअर घ्या. बिनमध्ये बिन असेल तर हे पुन्हा करावं लागतं, म्हणून लूपच लिहा. प्रत्येक पायरीवर पीअर नल असू शकतो, कारण लिंक तुटलेली असू शकते.

इथे एक बारीक अडचण येते. घोस्ट पॅड स्वतःसुद्धा प्रॉक्सी पॅडच्याच जातीतलं आहे, तेव्हा 'इज_प्रॉक्सी_पॅड' दोघांनाही 'हो' म्हणतं. फरक पॅरेंटवरून करा: पॅरेंट घोस्ट पॅड असेल तर ते आतलं प्रॉक्सी, पॅरेंट एलिमेंट असेल तर ते घोस्ट. उलट दिशेने, म्हणजे बाहेरून आत जाताना, घोस्ट_पॅड_गेट_टार्गेट वापरा. टार्गेट अजून ठरलेलं नसेल तर तिथेही नल येतो आणि डायनॅमिक पाइपलाइनमध्ये सुरुवातीचे काही क्षण ते ठरलेलं नसतंच.

लॉक हातात धरून दार ठोठावू नका

ऑब्जेक्ट-लॉक रिकर्सिव्ह नाही. एकाच थ्रेडने ते दोनदा घेतलं तर तो थ्रेड तिथेच कायमचा अडकतो. एखाद्या पॅडचं लॉक घेऊन त्याच पॅडवर गेट_पेरेंट बोलावलं की हेच होतं, कारण गेट_पेरेंट आतून तेच लॉक मागतं. अशा वेळी क्रॅशही होत नाही, नुसतं चित्र थिजतं. म्हणून लॉक घ्यायचं ते फील्ड वाचण्यापुरतं. हवं त्याचा रेफ घ्या, लॉक सोडा आणि मग काय ते काम करा. लॉक हातात असताना सिग्नल पाठवायचा नाही, मेसेज टाकायचा नाही, दुसऱ्या ऑब्जेक्टचं फंक्शन बोलवायचं नाही.

पोटातल्या एलिमेंटवरून फिरताना बिनचं लॉक धरून यादी चालवण्याचा आडमार्ग काही जण घेतात. त्यापेक्षा इटरेटर बरा. तो प्रत्येक पावलाला चारपैकी एक उत्तर देतो: ओके, डन, एरर आणि रीसिंक. रीसिंकचा अर्थ असा की तुम्ही फिरत असताना यादी बदलली, कुणीतरी एलिमेंट घातला किंवा काढला. मग इटरेटर_रीसिंक करून पहिल्यापासून सुरू करायचं. इथे बरेच जण अर्धं काम करतात: पुन्हा सुरू करतात, पण आधी मोजलेला आकडा शून्य करत नाहीत. 'किती कॅमेरे रेकॉर्ड करताहेत' याचं उत्तर सोळाऐवजी तेवीस आलं, तर कारण हेच. मोजणी, यादी, जे काही साठवलं असेल ते रीसिंकवर फेकून द्या. प्रत्येक ओके नंतर जी-व्हॅल्यू रीसेट करा, नाहीतर त्यातला रेफ अडकून राहतो. शेवटी अनसेट आणि इटरेटर_फ्री.

इटरेटर चालू असताना त्याच बिनमधून एलिमेंट काढणं म्हणजे स्वतःलाच रीसिंक ओढवून घेणं. आधी काढायचे एलिमेंट रेफसकट वेगळ्या यादीत गोळा करा, इटरेटर संपवा, मग काढा.

मधलं मडकं काढताना

लाईट गेली, कॅमेरा गेला, शाखा काढायची आहे. उतरंडीतलं मधलं मडकं ओढताना वरची घसरू नयेत, तसा इथेही क्रम पाळावा लागतो.

पहिली अट: हे काम स्ट्रीमिंग थ्रेडमध्ये (डेटा वाहून नेणाऱ्या थ्रेडमध्ये) करू नका. पॅड-प्रोब (पॅडवरची हालचाल बघणारा कॉलबॅक) आणि 'पॅड-ॲडेड' सिग्नल हे बहुधा स्ट्रीमिंग थ्रेडवरच येतात. तिथून त्याच शाखेला नल स्टेटमध्ये (पूर्ण बंद अवस्थेत) न्यायला गेलात तर स्टेट बदलणारा थ्रेड स्वतःच्याच संपण्याची वाट बघत बसेल. जी-स्ट्रीमर पुष्कळदा हे ओळखतं आणि तसं बजावणारी वॉर्निंग देतं, पण तिच्या भरवशावर राहू नये. काम जी_आयडल_ॲड किंवा बसवरच्या ॲप्लिकेशन मेसेजने मुख्य लूपवर ढकला, नाहीतर एलिमेंट_कॉल_असिंकने वेगळ्या थ्रेडवर.

मग क्रम असा ठेवावा. कॅमेरा-बिनचा रेफ घ्या. टी (एक प्रवाह अनेक शाखांना वाटणारा एलिमेंट) किंवा कंपोझिटरकडून मागून घेतलेलं रिक्वेस्ट पॅडही रेफसकट हातात ठेवा. सेट_लॉक्ड_स्टेट ट्रू करा, म्हणजे पाइपलाइनची स्टेट बदलली तरी या बिनला कुणी पुन्हा जागं करणार नाही. बिनला नल स्टेटला न्या. बिन_रिमूव्ह करा. लिंक तुटणं आणि पॅरेंट पुसणं त्यातच होतं. रिलीज_रिक्वेस्ट_पॅड करा आणि शेवटी दोन्ही रेफ सोडा. नल स्टेटला न नेताच शेवटचा रेफ सोडला तर 'नल ऐवजी प्लेइंग स्टेटमध्ये असताना एलिमेंट मोडायला निघालात' अशा अर्थाची क्रिटिकल ओळ येते. ती किरकोळ समजू नका, आत सॉकेट आणि थ्रेड उघडे राहिलेले असतात.

शाखा टीमागची असेल, म्हणजे कॅमेरा चालू राहणार आणि फक्त रेकॉर्डिंग थांबवायचं असेल, तर आधी टीच्या पॅडवर आयडल प्रोब लावून वाहणारा डेटा थांबवा, अनलिंक करा, रेकॉर्डिंगच्या बाजूला ईओएस (प्रवाह संपल्याचा इशारा) पाठवा आणि फाइल-सिंकपर्यंत तो पोचल्यावरच वरचा क्रम सुरू करा. ईओएस नाही दिला तर एमपी४ फाइलची अनुक्रमणिका लिहिली जात नाही आणि रात्रभराची फाइल उघडत नाही. आयडल प्रोबबद्दल एवढं ध्यानात ठेवा की पॅड आधीच मोकळं असेल तर कॉलबॅक प्रोब लावणाऱ्याच थ्रेडवर लगेच चालतो. त्यामुळे प्रोब लावताना स्वतःचं म्युटेक्स (लॉक) हातात आणि कॉलबॅकमध्ये तेच म्युटेक्स, असं लिहू नका.

लाईट आली की बिन परत टाकताना शेवटी सिंक_स्टेट_विथ_पेरेंट विसरू नका. ते विसरलं तर नवं बिन नल स्टेटमध्येच बसून राहतं आणि पडद्यावरचा तो चौकोन काळा.

कॉलबॅकच्या पिशवीतला रेफ

'पॅड-ॲडेड' सारख्या सिग्नलला यूजर-डेटा म्हणून पाइपलाइन द्यायची वेळ येते. कच्चा पॉइंटर दिला तर पाइपलाइन गेल्यावर कॉलबॅक आला की क्रॅश. रेफ घेऊन दिला तर वेगळीच गाठ बसते: पाइपलाइन सोर्सला धरते, सोर्स सिग्नलच्या कॉलबॅकला, कॉलबॅक पाइपलाइनला. तुम्ही तुमचा रेफ सोडला तरी हे कडं सुटत नाही. यासाठी जी_वीक_रेफ आहे. तो धरून ठेवत नाही. कॉलबॅकमध्ये जी_वीक_रेफ_गेट केलं की ऑब्जेक्ट जिवंत असेल तर पक्का रेफ मिळतो, नसेल तर नल. नल आला तर काही न करता परत फिरायचं. काम झालं की मिळालेला रेफ सोडायचा.

रस्ट भाषेत पॅरेंट आणि बाय-नेम दोन्ही 'ऑप्शन' देतात, तेव्हा नल विसरता येत नाही. रेफ आपोआप सुटतात. पायथनमध्येही अनरेफ हाताने करावं लागत नाही. पण कॉलबॅकचं कडं, स्ट्रीमिंग थ्रेडवरून स्टेट बदलणं आणि घोस्ट पॅडचा जिना या तिन्ही अडचणी तिथेही तशाच आहेत. रस्टमध्ये क्लोजरला पाइपलाइनचा क्लोन न देता डाउनग्रेड केलेला वीक रेफ द्या.

खरं ठरवायची चाचणी

कॅमेरे नसतानाही हे तपासता येतं. आरटीएसपी-सोर्सच्या जागी व्हिडिओ-टेस्ट-सोर्स घाला, 'इज-लाइव्ह' ट्रू करा आणि चार शाखा २०० वेळा टाका-काढा, दोन वेगळ्या थ्रेडवरून, मध्ये काही मिलिसेकंद थांबत. जीएसटी_ट्रेसर्समध्ये 'लीक्स' आणि जीएसटी_डीबगमध्ये 'जीएसटी_ट्रेसर:७' द्या. प्रोग्रॅमच्या शेवटी डीइनिट बोलवा, कारण लीक्स ट्रेसर (सुटायचे राहिलेले ऑब्जेक्ट शोधणारं साधन) एरवी यादी तेव्हाच छापतो. जिवंत राहिलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टची जात, पत्ता आणि रेफ-काउंट त्यात असतो.

यादी वाचताना आधी काय शिल्लक आहे ते बघा. नुसती पॅड उरली असतील तर गेट_स्टॅटिक_पॅड किंवा गेट_पीअर नंतरचा अनरेफ राहिला आहे, नाहीतर रिक्वेस्ट पॅड परत केलेलं नाही. एकच एलिमेंट मोठा रेफ-काउंट घेऊन बसला असेल तर कुठल्या तरी प्रोबमधलं बिन_गेट_बाय_नेम दर फ्रेमला गळतंय. काउंटला २५ ने भागा, किती सेकंदांची गळती ते कळेल. आणि पाइपलाइनच पोटातल्या सगळ्या एलिमेंटसकट उरली असेल तर कॉलबॅकमधलं कडं शोधा, कारण वरचा धरलेला असेल तर खालचा कुणीच सुटत नाही.